मनासाठी व्यायाम : किती, कसा आणि कुठे थांबायचं
(वाचकांचे प्रश्न, तज्ज्ञांची उत्तरं)

व्यायाम आणि मानसिक आरोग्य या विषयावर आलेल्या पत्रांपैकी दहा इथे घेतली आहेत. सारख्या आशयाची पत्रं एकत्र केली आहेत आणि कुणाचंही नाव छापलेलं नाही. बहुतेक पत्रांत व्यायामाचं माप म्हणून वजन, घाम किंवा पावलांचा आकडा धरलेला दिसला. मनासाठी व्यायाम करायचा असेल तर हे माप बदलावं लागतं. कसं, ते उत्तरांमधून येईलच.

प्रश्न : वय 34. नैराश्यासाठी चार महिने गोळ्या चालू आहेत. डॉक्टर म्हणतात, रोज व्यायाम करा. पण सकाळी अंथरुणातून उठायलाच दोन तास लागतात. घरचे म्हणतात, मनावर घेतलंस तर जमेल. तेच तर जमत नाहीये. सुरुवात कुठून करू?

उत्तर : तुम्ही लिहिलंय तो आळस नाही. नैराश्यात कामाची सुरुवात करण्याची शक्तीच मंदावते. त्यामुळे 'इच्छा झाली की करू' म्हणून थांबलात तर थांबूनच राहाल. आधी हालचाल करायची, इच्छा मागून येते. ती यायला काही आठवडे लागतात, हे आधीच धरून चला.

दोन गोष्टी डॉक्टरांशी बोलून घ्या. हिमोग्लोबिन, थायरॉइड आणि बी-12 या तपासण्या अलीकडे झाल्या नसतील तर करून घ्या. या तिन्हींतल्या बिघाडाने असाच थकवा येतो आणि तो चालून जात नाही. दुसरं, रात्रीच्या गोळीची गुंगी सकाळपर्यंत राहते का, हे सांगा. गोळीची वेळ बदलायची की नाही ते त्यांना ठरवू द्या.

आता सुरुवात. सकाळचा हट्ट सोडा. नैराश्यात अनेकांची सकाळ सर्वांत जड असते आणि दुपारनंतर जरा हलकं वाटू लागतं. तुमचा त्यातल्या त्यात बरा तास कोणता ते तीन दिवस पाहा आणि तोच धरा. पहिल्या आठवड्यात रोज फक्त पाच मिनिटं चालायचं: अडीच मिनिटं जायचं, अडीच मिनिटं परत यायचं. पुढे जावंसं वाटलं तरी परत फिरायचं. हे विचित्र वाटेल, पण यामागे कारण आहे. एखाद्या बऱ्या दिवशी तासभर चालून पुढचे तीन दिवस अंथरुणात जाणं, हा या आजारात हमखास होणारा घोळ आहे. त्या तीन दिवसांत 'मला हेही जमत नाही' हा विचार पक्का होतो. दुसऱ्या आठवड्यात दहा मिनिटं, मग दर आठवड्याला पाच-पाच मिनिटं वाढवा. पाचव्या आठवड्याच्या सुमाराला 25 मिनिटांवर याल. वेग वाढवायचा तो त्यानंतर.

चपला-बूट दाराशी, कपडे तेच. जितके कमी निर्णय घ्यावे लागतील तितकं बरं. अगदीच वाईट दिवस असेल तर बूट घालून दाराबाहेर दोन मिनिटं उभं राहा आणि आत या. तोही दिवस धरला जातो.

एका वहीत निघताना आणि परत आल्यावर मनाची स्थिती 0 ते 10 मध्ये लिहा. 'तीनवरून चार' एवढाच फरक असेल, कधी तोही नसेल. पण नैराश्यात 'काही उपयोग होत नाही' असंच आठवतं, झालेला छोटा फायदा लक्षात राहत नाही. दोन आठवड्यांचे आकडे समोर असले की त्या आठवणीवर विसंबावं लागत नाही.

घरच्यांसाठी : 'मनावर घे' म्हणण्याऐवजी ठरलेल्या वेळेला स्वतः बूट घालून दाराशी उभे राहा आणि 'चल, कोपऱ्यापर्यंत जाऊन येऊ' एवढंच म्हणा. वाटेत उपदेश नको.

गोळ्या चालूच ठेवा. अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठात झालेला आणि 1999 मध्ये प्रसिद्ध झालेला एक प्रयोग याबाबत नेहमी सांगितला जातो. पन्नाशीपुढच्या 156 नैराश्यग्रस्तांपैकी काहींना सर्ट्रालिन ही गोळी, काहींना आठवड्यातून तीनदा देखरेखीखाली व्यायाम, काहींना दोन्ही दिलं. 16 आठवड्यांनी तिन्ही गटांत सुधारणा जवळपास सारखी होती. याचा अर्थ 'गोळीची गरज नाही' असा काढला जातो, तो चुकीचा आहे. सुरुवातीच्या आठवड्यांत गोळीचा गुण लवकर दिसला होता. शिवाय ते लोक आठवड्यातून तीनदा येऊन व्यायाम करू शकत होते, आणि तुमची तर अडचण नेमकी तीच आहे. जीव नकोसा झाल्याचे विचार येत असतील तर चालण्याचा विचार बाजूला ठेवा, घरात कुणाला तरी सांगा आणि त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा.

प्रश्न : व्यायामाने एंडॉर्फिन सुटतं आणि म्हणून आनंद होतो, असं मुलांना शिकवतो. हे बरोबर आहे का?

उत्तर : अर्धवट बरोबर आहे. दीर्घ व्यायामात रक्तातलं एंडॉर्फिन वाढतं हे खरं. पण रक्तातलं एंडॉर्फिन मेंदूभोवतीचा अडसर सहजी ओलांडत नाही, त्यामुळे रक्तातल्या आकड्यावरून मेंदूत काय चाललंय ते सांगता येत नाही. जर्मनीतल्या संशोधकांनी 2021 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात 63 जणांना 45 मिनिटं धावायला लावलं. धावण्याआधी काहींना एंडॉर्फिनसारख्या द्रव्यांचा परिणाम रोखणारं नॅलट्रेक्सोन दिलं, काहींना औषध नसलेली नुसती साखरगोळी. धावल्यानंतरचा आनंद आणि कमी झालेली चिंता दोन्ही गटांत सारखीच होती. म्हणजे तो आनंद एकट्या एंडॉर्फिनवर अवलंबून नव्हता. सध्या शरीरात तयार होणाऱ्या एंडोकॅनाबिनॉइड द्रव्यांकडे बोट दाखवलं जातं. ती मेदात विरघळत असल्याने मेंदूत सहज पोचतात.

पण वर्गात सांगण्याजोगी गोष्ट याहून मोठी आहे. धावल्यावर वाटणारी तरतरी तास-दोन तासांची असते. नियमित व्यायामाचे टिकणारे परिणाम वेगळ्या वाटांनी होतात. मेंदूतल्या पेशींच्या वाढीला आणि जोडणीला मदत करणारं बीडीएनएफ हे प्रथिन वाढतं. मेंदूचा रक्तपुरवठा सुधारतो. शरीरातला सौम्य, रेंगाळणारा दाह कमी होतो. झोप गाढ होते, आणि आमच्या मते सामान्य माणसाला पहिल्यांदा जाणवणारा बदल बहुधा झोपेतलाच असतो. शिवाय ठरवलेली गोष्ट आपल्या हातून झाली, हा अनुभव रोज मिळतो. तो कुठल्याही रसायनात मोजता येत नाही, पण उपचारात त्याला फार किंमत आहे.

प्रश्न : मला पॅनिकचे झटके येतात. जिना चढताना छातीत धडधडलं की वाटतं, पुन्हा झटका आला. त्यामुळे दोन वर्षं व्यायाम बंद आहे. हृदयाच्या सगळ्या तपासण्या व्यवस्थित आहेत. पुन्हा सुरू करावा का?

उत्तर : हो, आणि तुम्ही लिहिलेल्या कारणासाठीच सुरू करावा. व्यायामात ठोके वाढतात, धाप लागते, घाम येतो, तोंडाला कोरड पडते. झटक्यातही नेमकं हेच होतं. तुमचा मेंदू ही लक्षणं दिसताच 'धोका' असं वाचतो, त्या भीतीने ठोके आणखी वाढतात आणि चक्र सुरू होतं. धडधड टाळत राहिलं की ही चुकीची शिकवण पुसायची संधीच मिळत नाही. धडधड झाली, टिकली, आपोआप शमली आणि काहीही बिघडलं नाही, हे मेंदूला पुन्हा पुन्हा दाखवावं लागतं.

पद्धत अशी ठेवा. ज्या लक्षणांची भीती वाटते त्यांची यादी करा आणि प्रत्येकापुढे भीती किती, ते 0 ते 10 मध्ये लिहा. मग घरात, जागच्या जागी गुडघे उचलत चाला, 30 सेकंद. थांबा, पण बसू नका. नाडी धरू नका, घड्याळातले ठोकेही बघू नका. उभ्याउभ्या लक्षणं निवळू द्या आणि किती वेळ लागला ते लिहा. बहुतेकांना तो एक ते तीन मिनिटं लागतो. असं दिवसातून तीनदा करा. भीतीचा आकडा निम्म्यावर आला की एक मिनिट, मग दोन मिनिटं, मग एक मजला जिना, मग दहा मिनिटं झपझप चालणं. प्रत्येक पायरीवर भीती उतरेपर्यंत थांबायचं, दिवस मोजायचे नाहीत.

यात हमखास होणारी चूक म्हणजे सुरक्षेच्या कुबड्या. खिशात गोळी, हातात पाण्याची बाटली, सोबत कुणीतरी, दर मिनिटाला नाडी. या असल्या की मेंदू म्हणतो, 'वाचलो ते बाटलीमुळे.' सुरुवातीला एखादी चालेल, पण एकेक करून त्या सोडून देणं हा उपचाराचाच भाग आहे. दुसरी चूक म्हणजे धडधड सुरू होताच खोल-खोल श्वास घेणं. त्याने कार्बन डायऑक्साइड कमी होऊन चक्कर आणि बोटांना मुंग्या येतात, आणि तेच झटक्यासारखं वाटतं. श्वास आपसूक चालू द्या.

अशा भीतीसाठी मोठा कार्यक्रम लागतोच असं नाही. 2004 मधल्या एका अभ्यासात ट्रेडमिलवरच्या 20-20 मिनिटांच्या सहाच सत्रांत शारीरिक लक्षणांची भीती कमी झाली होती, आणि जोरकस व्यायाम करणाऱ्यांत ती लवकर कमी झाली. मात्र पूर्ण पॅनिक विकारात एकट्या व्यायामाची ताकद मर्यादित असते. 1998 मध्ये जर्मनीत 46 रुग्णांवर झालेल्या दहा आठवड्यांच्या प्रयोगात धावणं हे नुसत्या साखरगोळीपेक्षा सरस ठरलं, पण क्लोमिप्रामिन या औषधाचा गुण त्याहून लवकर आणि जास्त होता. म्हणून समुपदेशकाच्या मदतीने हे केलंत तर उत्तम. छातीतलं दुखणं हातात किंवा जबड्यात जात असेल, किंवा श्रमात शुद्ध हरपत असेल, तर ते पॅनिक समजून सोडून देऊ नका. पुन्हा तपासणी करा.

प्रश्न : स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करतो, रोज दहा तास. डोकं दुपारनंतर चालत नाही. व्यायामाला वेळ काढला तर अभ्यासाचे तास जातील. तरी काढावा का? कधी?

उत्तर : दहा तासांपैकी शेवटचे तीन तास तुम्ही तीच ओळ पुन्हा वाचत असाल, तर ते तास आधीच गेलेले आहेत.

20 ते 30 मिनिटं मध्यम व्यायाम केल्यावर लक्ष, विचारांचा वेग आणि मोह आवरण्याची क्षमता थोडी सुधारते. हा परिणाम व्यायाम संपल्यावर लगेच नाही, तर साधारण दहा-पंधरा मिनिटांनी चांगला दिसतो आणि तासाभरात ओसरत जातो. परिणाम लहान असतो. त्याने न वाचलेलं पाठ होणार नाही. पण कठीण भाग वाचायला तो तास वापरला तर फायदा पदरात पडतो. म्हणून दुपारी डोकं बसायला लागतं त्याच्या आधी 20 मिनिटं झपझप चाला, पाणी प्या, दहा मिनिटं शांत बसा आणि मग दिवसातला सर्वांत अवघड विषय उघडा. पुष्कळ जण व्यायामानंतर फोन हातात घेतात आणि हा तास तिथेच संपतो.

जोर किती लावायचा? बोलता यावं, पण गाता येऊ नये, इतका. धाप लागून वाक्य तुटत असेल तर व्यायाम जड झालाय. शरीर थकवणारी धाव घेतल्यावर काही वेळ विचार करणं उलट अवघड जातं, आणि अभ्यासाच्या दिवशी ते परवडणारं नाही. ज्या दिवशी नवं सुचायला हवं असतं, म्हणजे निबंधाचा आराखडा वगैरे, त्या दिवशी वही न घेता नुसतं चाला आणि आल्यावर लिहा. स्टॅनफर्डच्या संशोधकांनी 2014 मध्ये दाखवलं की चालताना आणि चालून बसल्यावर लोकांना जास्त वेगळ्या कल्पना सुचतात; ट्रेडमिलवर भिंतीकडे तोंड करून चालतानाही. एकच अचूक उत्तर शोधायच्या कामात मात्र चालण्याचा तसा फायदा दिसला नाही. गणितं बसूनच सोडवा.

सलग बसण्यात दर 45 ते 50 मिनिटांनी तीन मिनिटं उभं राहणं, दहा बैठका काढणं, एक जिना चढणं, हे जोडून द्या. आणि झोपेतून तास कापून पहाटे व्यायाम करू नका. साडेपाच तास झोपून केलेला व्यायाम स्मरणशक्तीच्या बाबतीत तोट्याचा सौदा आहे.

प्रश्न : धावणं, चालणं मला आवडत नाही. वजनं उचलण्याचा मनाला उपयोग होतो का?

उत्तर : होतो. 2018 मध्ये 33 प्रयोगांतल्या 1,877 जणांची माहिती एकत्र करून पाहिली, तेव्हा ताकदीच्या व्यायामाने नैराश्याची लक्षणं कमी होताना दिसली. त्यातला महत्त्वाचा तपशील असा की ताकद किती वाढली याच्याशी या फायद्याचा संबंध नव्हता. म्हणजे आकड्यांचा पाठलाग न करताही मनाला लाभ होतो. 2024 मध्ये 218 प्रयोगांच्या आणखी मोठ्या पाहणीत चालणं-धावणं, योग आणि ताकदीचा व्यायाम हे तिन्ही नैराश्यात उपयोगी दिसले. त्या प्रयोगांचा दर्जा सारखा नव्हता, त्यामुळे 'अमुकच श्रेष्ठ' म्हणण्यात अर्थ नाही. जे तुम्ही सहा महिने करत राहाल ते निवडा.

साधनाशिवाय आठवड्यातून दोन दिवस, मधे किमान एक दिवस सोडून, पाच हालचाली करा : खुर्चीला टेकून उठण्याच्या बैठका, भिंतीला किंवा टेबलाला हात टेकून जोर, पाण्याच्या बाटल्या भरलेली पिशवी कमरेतून वाकून पोटाकडे ओढणं, पाठीवर झोपून कंबर उचलणं, आणि दोन्ही हातांत वजन घेऊन 30 ते 40 पावलं चालणं. पहिल्या चार प्रत्येकी 8 ते 12 वेळा, दोन फेऱ्या, मधे दीड मिनिट विश्रांती. शेवटच्या दोन वेळा कष्टाच्या वाटायला हव्यात, पण ढब बिघडता कामा नये. 12 सहज झाले की वजन वाढवा, संख्या नको. उचलताना श्वास सोडा. श्वास कोंडला की रक्तदाब एकदम चढतो. दुसऱ्या दिवशीचं स्नायूंचं दुखणं चालेल, सांध्यातलं टोचणारं दुखणं चालणार नाही.

प्रश्न : दिवसभर घरकाम आणि आजारी सासूबाईंची सेवा. मोबाइल बारा हजार पावलं दाखवतो. तरी चिडचिड, विसराळूपणा. मला वेगळा व्यायाम कशाला?

उत्तर : शरीराची हालचाल तुमची भरपूर आहे, त्यात शंका नाही. पण मनाला मिळणारा लाभ स्वतःच्या इच्छेने, मोकळ्या वेळात केलेल्या हालचालींशी जास्त जोडलेला दिसतो. घरकाम आणि कष्टाच्या नोकरीत तो तसा दिसत नाही. कारणं समजण्यासारखी आहेत. कामाच्या हालचालीत पाठीमागे कुणाची तरी हाक असते, विश्रांती आपल्या हातात नसते, एकच स्नायू तासन्‌तास ताणलेला राहतो आणि ठोके वाढून उतरतील असा चढउतार होत नाही.

म्हणून तुम्हाला आणखी पावलं घाला असं आम्ही सांगणार नाही. आधी बदली माणूस हवा. दिवसातली 15 मिनिटं घरातल्या दुसऱ्या कुणीतरी सासूबाईंजवळ बसायचं, ती वेळ ठरलेली, आणि त्या वेळात तुम्ही दाराबाहेर. भाजी आणायला नाही, हात मोकळे ठेवून. पाठ-मान आखडलेली असेल तर चालण्याआधी खांदे मागे फिरवणं आणि दाराच्या चौकटीला कोपर टेकून छाती ताणणं, 30-30 सेकंद. आणि विसराळूपणाचं मूळ तुटक झोपेत आहे का, ते बघा. रात्री दोन-तीनदा उठावं लागत असेल तर पाळी लावा. एवढ्या थकव्यावर व्यायाम हे उत्तर नाही.

प्रश्न : वेळ फक्त रात्री आठनंतर मिळतो. रात्री व्यायाम केला तर झोप उडते म्हणतात.

उत्तर : सरसकट तसं होत नाही. संध्याकाळच्या व्यायामाने बहुतेकांची झोप बिघडत नाही, उलट थोडी गाढ होते. झोपण्याआधीच्या शेवटच्या तासात संपणारा जोराचा व्यायाम तेवढा टाळा. साडेनऊला आटोपून अकराला झोपत असाल तर अडचण नसावी. शेवटची दहा मिनिटं वेग उतरवत न्या, प्रखर दिवे कमी करा, आणि व्यायामाआधीची उत्तेजक पेयं रात्री घेऊ नका. झोप अनेकदा त्यांनीच उडते आणि दोष व्यायामाला मिळतो.

प्रश्न : मानसिक आजारावरची औषधं चालू असताना व्यायामात काय जपावं? (हा प्रश्न अनेकांनी विचारला आहे.)

उत्तर : औषधानुसार उत्तर बदलतं.

लिथियम घेणाऱ्यांनी सर्वांत जपावं. भरपूर घाम येऊन शरीरातलं पाणी आणि मीठ कमी झालं की रक्तातलं लिथियम वाढू शकतं. उन्हात लांब धावणं टाळा, पाणी नियमित प्या, आहारातलं मीठ एकाएकी कमी-जास्त करू नका आणि व्यायाम मोठ्या प्रमाणावर वाढवणार असाल तर आधी डॉक्टरांना सांगून रक्ततपासणी ठरवा. हात जोराने थरथरणं, उलट्या-जुलाब, तोल जाणं, जीभ जड होणं, असं काही दिसलं तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा.

प्रोप्रॅनोलॉलसारख्या बीटा ब्लॉकरने ठोके नेहमीइतके वाढत नाहीत. मग '220 वजा वय' हा मिनिटाला जास्तीत जास्त ठोक्यांचा हिशेब लागू पडत नाही, आणि घड्याळातला आकडा गाठायच्या नादात माणूस झेपेल त्यापेक्षा जास्त ताण घेतो. तसाही तो हिशेब ढोबळ आहे, प्रत्यक्षात दहा-बारा ठोक्यांचा फरक सहज पडतो. या मंडळींनी 'बोलता यावं, पण गाता येऊ नये' ही परीक्षा वापरावी.

अमिट्रिप्टिलिनसारख्या नैराश्यावरच्या जुन्या औषधांनी आणि काही अँटिसायकोटिक (भास-भ्रमांवरच्या) औषधांनी उभं राहताना रक्तदाब उतरतो. व्यायाम एकदम थांबवू नका, पाच मिनिटं हळू चालत थांबा; जमिनीवरच्या व्यायामातून उठताना आधी बसा, मग उभे राहा. अँटिसायकोटिक औषधांनी उष्णता सहन करायची ताकदही कमी होऊ शकते. झोपेच्या आणि चिंतेच्या गोळ्यांनी तोल आणि चपळाई मंदावते, त्यामुळे गुंगी असेपर्यंत जड वजनं, सायकल आणि पोहणं नको.

बायपोलर विकारात (मन कधी अति उत्साही, कधी खिन्न होतं अशा आजारात) आणखी एक खूण ओळखून ठेवा. झोप तीन-चार तासांवर आली, तरी उत्साह ओसंडतोय आणि दिवसातून दोन-दोनदा व्यायाम करावासा वाटतोय, तर हे तब्येत सुधारल्याचं लक्षण नाही. त्या दिवसांत व्यायाम हलका करा आणि डॉक्टरांना फोन करा.

प्रश्न : वडिलांचं वय 72, अलीकडे नावं विसरतात. व्यायामाने स्मृतिभ्रंश टळतो का? आणि मुलगा 19 वर्षांचा, तो रोज तीन तास व्यायाम करतो आणि एक दिवस चुकला तर जेवत नाही. एकाच घरात दोन टोकं आहेत.

उत्तर : आधी वडिलांचं. 'टळतो' असं वचन कुणी देऊ नये. 2011 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात 55 ते 80 वयाच्या 120 निरोगी लोकांपैकी निम्म्यांनी वर्षभर आठवड्यातून तीनदा चालण्याचा व्यायाम केला. दहा मिनिटांपासून सुरू करून ते 40 मिनिटांवर आले. स्मरणाशी संबंधित हिप्पोकॅम्पस या भागाचं आकारमान त्यांच्यात सुमारे 2 टक्के वाढलं. नुसतं स्ट्रेचिंग करणाऱ्यांत ते थोडं घटलं. पुढच्या सगळ्या अभ्यासांत असंच दिसलं असं नाही. आणि आजार जडल्यानंतरची गोष्ट वेगळी आहे. ब्रिटनमध्ये स्मृतिभ्रंश असलेल्या 494 जणांवर झालेल्या 2018 च्या प्रयोगात व्यायामाने शरीर सुधारलं, पण बुद्धीची घसरण थांबली नाही. तेव्हा वडिलांची तपासणी व्यायामाच्या भरवशावर लांबवू नका. ऐकू कमी येणं, बी-12, थायरॉइड, रक्तदाब, नैराश्य, चालू असलेली औषधं, हे सगळं बघायला हवं.

त्यांच्यासाठी आठवड्याला एकूण 150 मिनिटं चालणं, दोन दिवस ताकदीचे व्यायाम, आणि तीन दिवस तोलाचे. तोलासाठी : ओट्याला किंवा भक्कम टेबलाला बोटं टेकवून एका पायावर दहा सेकंद, पाय बदलून, पाच-पाच वेळा. मग टाच दुसऱ्या पायाच्या बोटांना लावत दहा पावलं. जवळ माणूस उभा हवा. चालताना गप्पा मारा, वाट बदला. गप्पा मारायला लागल्यावर ते चालायचे थांबत असतील तर तोल कच्चा आहे, पडण्याचा धोका आहे. मग आधी तोलावर काम करा.

मुलाच्या बाबतीत आम्हाला जास्त काळजी वाटते. तीन तास हा आकडा एकवेळ खेळाडूच्या बाबतीत समजू शकतो, पण चुकलं म्हणून न जेवणं ही धोक्याची खूण आहे. व्यायाम जेवणाची शिक्षा किंवा परवाना झाला की प्रश्न खाण्याच्या विकाराकडे झुकतो. आणखी काय बघायचं : दुखापतीतही व्यायाम चालू ठेवणं, मित्र सुटणं, सतत थंडी वाजणं, चिडचिड, अपुरी झोप. सकाळी उठण्याआधी पडल्यापडल्या 30 सेकंद नाडी मोजून दुप्पट करावी. नेहमीपेक्षा सात-आठ ठोके जास्त असं सलग काही दिवस राहिलं तर शरीर सावरत नाहीये. उलट, वजन उतरत असताना नाडी फारच मंद झाली, 50 च्या खाली गेली, चक्कर येऊ लागली, तर तातडीने डॉक्टरांकडे न्या. हेच मुलीच्या बाबतीत असतं तर पाळी तीन महिने न येणं ही आणखी एक खूण.

त्याचा व्यायाम हिसकावून घेऊ नका, भांडण होऊन तो लपून करेल. 'किती केलास?' विचारण्याऐवजी 'आज केला नसतास तर काय वाटलं असतं?' असं विचारा आणि उत्तर शांतपणे ऐका. उत्तरात भीती किंवा अपराधीपणा असेल तर मानसोपचारतज्ज्ञ आणि आहारतज्ज्ञ दोघांचीही गाठ घालून द्या. घरात वजन-दिसणं यावर बोलणं बंद, सर्वांनीच.

प्रश्न : थोडक्यात सांगा, कमीत कमी किती? आणि खंड पडला तर?

उत्तर : जागतिक आरोग्य संघटनेची 2020 ची शिफारस प्रौढांसाठी आठवड्याला 150 ते 300 मिनिटं मध्यम किंवा 75 ते 150 मिनिटं जोराचा व्यायाम, आणि दोन दिवस ताकदीचा, अशी आहे. पण नैराश्याच्या बाबतीत त्याच्या निम्म्यालाही बराच फायदा दिसतो. 1,91,130 लोकांचा पाठपुरावा असलेल्या 15 अभ्यासांच्या 2022 मधल्या विश्लेषणात, शिफारशीच्या निम्मी हालचाल करणाऱ्यांत नैराश्याचा धोका काहीच न करणाऱ्यांपेक्षा 18 टक्के कमी होता, पूर्ण करणाऱ्यांत 25 टक्के. निम्मी हालचाल म्हणजे आठवड्यातले पाच दिवस पंधरा मिनिटं. शून्यावरून पंधरावर येणं हीच सर्वांत मोठी झेप आहे.

आठवडाभर खंड पडला तर जिथे सोडलं होतं त्याच्या दोन तृतीयांशापासून, महिनाभर पडला तर निम्म्यापासून पुन्हा सुरू करा आणि दोन आठवड्यांत पूर्वपदावर या. तापातून उठला असाल तर ताप उतरून किमान दोन दिवस जाऊ द्या. चुकलेले दिवस रविवारी एकदम भरून काढू नका.